सर्वांत हळव्या रंगाच्या मापानं: मालवणमधल्या एका तैलचित्राची सफाई

काकींनी ते फडकं टाकून दिलं नव्हतं, हे या प्रकरणातलं पहिलं सुदैव. जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर काळपट मळ आणि मळाच्या मधोमध स्वच्छ निळा पट्टा. "बाय, मी काय घासूक नाय हां. नुसत्या ओल्या फडक्यान पुसलंय, तर निळो रंग फडक्याक लागलो." त्यांच्या आवाजात अपराध्याचा सूर होता. खरं तर त्यांनी केलं ते कोणीही केलं असतं. तैलरंग एकदा वाळला की त्याला पाण्याची भीती नाही, असंच सगळे धरून चालतात, चित्रकारसुद्धा.

चित्र त्यांच्या सासऱ्यांचं. ते जे. जे. मध्ये शिकलेले, मुंबईत गिरणगावातल्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर. सुमारे तीन बाय चार फुटांचा सुती कॅनव्हास, खाली उजव्या कोपऱ्यात सही आणि १९६७ हे साल. पुढे मालवणचा समुद्र, मागे सिंधुदुर्गाच्या तटाची आडवी रेघ, डावीकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे लोक, उजवीकडे लाल लुगड्यातली, डोक्यावर टोपली घेतलेली बाई. आकाश पातळ रंगानं पसरलेलं. समुद्र मात्र नाइफनं (रंग थापायच्या पातळ सुरीनं) थापलेला, काही ठिकाणी रंग अर्धा सेंटिमीटर उभा राहिलेला. १९८८ मध्ये मास्तर निवृत्त होऊन गावी आले, त्यांच्यासोबत हे चित्रही आलं आणि चिऱ्याच्या घरात ओटीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर लागलं. तेव्हापासून ते तिथंच होतं.

जुन्या चित्रांची दुरुस्ती-देखभाल करणारी संवर्धक म्हणून मला बोलावणं आलं ते मास्तरांच्या नातवाकडून, मुंबईहून. आषाढ चालू होता. समुद्राच्या भागावर पांढुरकी लव आलेली, एका जागी निळा पुसला गेलेला आणि फ्रेमच्या खालच्या पट्टीला बुरशी. त्याचा प्रश्न एकच होता, गणपतीपर्यंत होईल का? कोकणात घराची प्रत्येक मुदत गणपतीशी येऊन थांबते, त्यामुळे प्रश्न अपेक्षितच होता. मी नाही म्हणाले. त्यामागचं कारण या कामाच्या मुळाशी आहे.

वार्निश नसलेलं चित्र

जुन्या पद्धतीच्या तैलचित्रावर वार्निशचा थर असतो. धूळ, काजळी, माश्यांची घाण त्या थरावर बसते. संवर्धक योग्य द्रावक निवडून पिवळं पडलेलं वार्निश उतरवतो, त्यासोबत मळही निघतो आणि खालचा रंग फारसा दुखावत नाही. विसाव्या शतकातल्या पुष्कळ चित्रकारांनी वार्निश लावणं सोडून दिलं. त्यांना कुठं मॅट, कुठं चकचकीत असा पृष्ठभागच हवा होता. अशा चित्रावर मळ थेट रंगावर बसतो आणि रंग मऊ असेल तर त्यात रुततो. मग मळ कुठं संपला आणि चित्र कुठं सुरू झालं, याची रेघ ओढणं अवघड होतं.

अतिनील दिव्याखाली आमच्या चित्रावर वार्निशची हिरवट चमक कुठंही दिसली नाही. पांढरे भाग मात्र पिवळट हिरवे उजळले, म्हणजे झिंक व्हाइट, जस्ताचा पांढरा रंग. तोही चिंतेचाच विषय, कारण झिंक व्हाइट तेलातल्या आम्लांशी संयोग पावून धातूचे साबण तयार करतो आणि कालांतराने काचेसारखा ठिसूळ होतो. आकाशात बारीक भेगा होत्या, दोन ठिकाणी पापुद्रे सुटायला आले होते.

निळा अल्ट्रामरीन असावा हा अंदाज पहिल्या नजरेतच आला. तो पडताळायला चित्राला टोचावं लागलं नाही. काकींनी माळ्यावरून मास्तरांची पत्र्याची ट्रंक काढून दिली. आत रंगांच्या अर्धवट पिळलेल्या ट्यूब होत्या. काही देशी, काही विलायती, बहुधा कोणाकडून तरी मागवलेल्या. त्या काळात आयात रंग महाग आणि दुर्मिळ असत, म्हणून चित्रकार ते पुरवून वापरत. लेबलं वाचता येत होती. निळ्याची ट्यूब विलायती निघाली. तिच्यातला वाळलेला रंग आणि समुद्रावरची चिमूटभर पांढरी लव मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पाठवली.

लव कसली?

मालवणात कोणालाही विचारा, भिंतीवर पांढरं काही दिसलं की उत्तर ठरलेलं: खारा वारा. मलाही आधी तोच संशय. पण पांढरी लव तीन-चार प्रकारची असू शकते आणि प्रत्येकीचा उपचार वेगळा, म्हणून इथं घाई परवडत नाही.

भिंगाखाली बुरशीचे तंतू दिसतात. ते फ्रेमवर आणि कॅनव्हासच्या मागच्या बाजूला होते, समुद्रावर नव्हते. दुसरी शक्यता तेलातून सुटून वर आलेल्या स्निग्धाम्लांची. ती लव मऊ, चिकट असते, कोमट हवेनं वितळते आणि हायड्रोकार्बन द्रावकात विरघळते. स्काल्पेलच्या टोकावर घेतलेला कण काचपट्टीवर ठेवून बघितला, द्रावकाचा त्यावर काही परिणाम झाला नाही. पाण्याचा थेंब सोडला आणि कण लगेच विरघळून गेला. म्हणजे क्षार. पण समुद्राचं मीठही पाण्यात विरघळतंच.

प्रयोगशाळेच्या अहवालात सोडियम आणि क्लोरीन नगण्य निघालं. मिळालं ते मॅग्नेशियम आणि गंधक, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ट्यूबमधल्या निळ्यात मॅग्नेशियम कार्बोनेटची भर सापडली. रंगाला घट्टपणा आणि पोत यावा म्हणून कारखानदार अशी पांढरी भर घालत, यात भेसळीचा हेतू नसे. ब्रिटन आणि युरोपातल्या विसाव्या शतकाच्या चित्रांवर गेल्या काही वर्षांत हेच आढळलं आहे. रंगातलं मॅग्नेशियम कार्बोनेट हवेतल्या सल्फर डायऑक्साइडशी रासायनिक क्रिया करतं आणि पाण्यात विरघळणारं मॅग्नेशियम सल्फेट तयार होतं. ते पृष्ठभागावर येतं आणि थराच्या आतही राहतं. मग ओला बोळा फिरवला की क्षार विरघळतो, थराची पकड सुटते आणि रंगकण बोळ्याला येतात. पाण्याला हळव्या तैलरंगांची हीच एक जात नाही. काही रंगांत तेल पुरेसं जुळून घट्ट झालेलंच नसतं, काहींत कारखान्यात घातलेले धातूंचे स्टिअरेट (साबणासारखी भर) असतात, काही पांढऱ्यांसाठी न पिवळणारं पण उशिरा वाळणारं करडईचं तेल वापरलेलं असतं. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातल्या विद्यापीठांनी आणि संग्रहालयांनी मिळून आधुनिक तैलरंगांच्या सफाईवरच एक प्रकल्प चालवला, यावरून दुखण्याचा आवाका कळावा.

सल्फर डायऑक्साइड मालवणात कुठून येणार? इथं उत्तर मास्तरांच्या पत्त्यात होतं. चित्र पहिली वीस-एकवीस वर्षं गिरणगावातल्या चाळीत, उघड्या खिडकीसमोर होतं. बाहेर गिरण्यांची धुराडी. रंग तिथं हळवा झाला. मुंबईत आजार दिसत नसे. कोकणच्या ओटीवर त्याला पावसाळ्याचे चार महिने सलग दमट हवा मिळाली आणि नव्वदीपलीकडच्या आर्द्रतेत क्षार स्वतःच ओलावू लागला. दर पावसाळ्यात थोडा विरघळायचा, दिवाळीनंतर पुन्हा स्फटिक होऊन वर यायचा. खाऱ्या वाऱ्याला दोष देऊन सगळे मोकळे झाले होते. वाऱ्याचं मीठ होतंही, पण चित्राच्या पाठीमागे आणि फ्रेमच्या खिळ्यांवर. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेलाच हवेतून पाणी ओढून घेतं, त्यामुळे पाठीमागची सुती वीण जूनपासून सप्टेंबरपर्यंत कधी नीट वाळलेलीच नसणार.

गणपतीनंतर, दसऱ्यानंतर

आता नकाराचं कारण. ओटीवर आर्द्रतामापक ८९ दाखवत होता. या हवेत कॅनव्हास, त्यावरचं सरसाचं अस्तर आणि रंग हे तिघं वेगवेगळ्या चालीनं फुगत-आकसत असतात. सरस फुगून दुबळा झालेला असतो, सुती धागा फुगून वीण आवळत असते आणि ठिसूळ झिंक व्हाइटला दोन्हीशी जुळवून घेता येत नाही. त्यात बोळ्याचा दाब म्हणजे सुटत आलेला पापुद्रा हातात. पाण्याला हळवा रंग तर आधीच अर्धा ओला.

म्हणून पावसाळ्यात एवढंच केलं: चित्र भिंतीवरून उतरवलं, माजघराला लागून असलेल्या कोरड्या खोलीत पालथं न ठेवता आडवं, वर तोंड करून ठेवलं, प्लॅस्टिकचा सैल तंबू केला आणि आत सिलिका जेल ठेवलं. डीह्युमिडिफायर नातवानं पाठवला होता. पण पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि यंत्र चालू-बंद होत राहिलं तर आर्द्रता वरखाली हिंदकळते, ते स्थिर दमटपणापेक्षा वाईट. तंबूतली आर्द्रता काही आठवड्यांत सावकाश साठीपर्यंत आणायची होती. ६५-७० च्या खाली बुरशी वाढत नाही, एवढं पुरेसं होतं. शेजाऱ्यांचा सल्ला होता की एक दिवस कडक ऊन पडलं की चित्र खळ्यात ठेवा, बुरशी मरेल. बुरशी मेली असती, पापुद्रेही पडले असते.

गणपतीला भिंत रिकामी राहिली. काकींनी तिथं मास्तरांचा फोटो लावला. चाकरमानी आले, सगळ्यांनी विचारलं, काकींनी सगळ्यांना सांगितलं, चित्र दवाखान्यात आहे.

चाचण्या

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली आणि काम सुरू झालं. बुरशी आधी. तोंडाला एन ९५ मास्क, मऊ ब्रश, आणि हेपा फिल्टरचा व्हॅक्युम अगदी कमी ओढीवर, नळीच्या तोंडाला जाळी. कॅनव्हासच्या पाठीला अल्कोहोलचा हलका हात दिला. पुढच्या बाजूला नाही, कारण आधुनिक तैलरंगाला अल्कोहोल पाण्याइतकंच त्रास देऊ शकतं.

मग प्रत्येक रंगावर कडेच्या, नजरेत न येणाऱ्या जागी चाचण्या. अशा चाचणीत बोळा घासायचा नसतो, लाटायचा असतो, आणि दर वेळी भिंगाखाली बोळा आणि रंग दोन्ही बघायचे असतात. आकाशाचा पांढरा-पिवळा मिश्र रंग डिस्टिल्ड पाण्याला टिकला. लाळेला तर उत्तम. लाळेची सफाई ऐकून लोक नाक मुरडतात, पण तिच्यातले विकर आणि चिकटपणा काजळीवर चांगलं काम करतात, आणि संवर्धक ती पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. तटाचा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, टिकला. लुगड्याचा लाल दुसऱ्या फेरीला बोळ्यावर आला. निळा पहिल्याच स्पर्शाला आला.

पाण्याची आम्लता (पीएच) ५.५ च्या आसपास ठेवली आणि त्यात क्षारांचं प्रमाण रंगाच्या पृष्ठभागाशी जुळवलं की थर कमी फुगतो. तसं पाणी करून बघितलं. लाल त्यानं सांभाळला गेला. निळा नाही. मिनरल स्पिरिट या पेट्रोलियमच्या द्रावकानं निळ्याला धक्का लागत नव्हता, पण समईची तेलकट काजळी त्यानं अर्धवटच निघायची. आगरचं घट्ट जेल आकाशाच्या सपाट भागावर चाललं असतं, पण नाइफनं उभारलेल्या समुद्रावर ते फक्त शिखरांना टेकतं, खोबणीत पोचत नाही, आणि पोचवायचं तर पाणी सोडतं. इटलीतल्या संशोधकांनी याच अडचणीसाठी बनवलेली लवचीक नॅनो-जेलं ठाऊक होती. पण एका घरगुती चित्रासाठी ती मागवणं खर्चाच्या बाहेरचं होतं. शिवाय अशा निळ्यावर ज्यात पाणी आहे ते काहीही मला नको होतं.

मग राहिलं कोरडं काम. मेकअपसाठी मिळणारा पॉलियुरेथेनचा तिकोनी स्पंज, नवा, कोरडा, टोकाचे बारीक तुकडे कापून. त्यानं निळ्यावरची धूळ आणि वरवरची काजळी उचलली. बहुतेक लव मऊ ब्रशनं गेली. इथंही एक सापळा आहे. अल्ट्रामरीनचा मॅट पृष्ठभाग जास्त घासला तर मळ निघाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो चकाकायला लागलेला असतो. रंग गेला नाही, तरी चित्र बदलतं. म्हणून तिरका प्रकाश टाकून दर थोड्या वेळानं तपासणं आणि चमक दिसायच्या आधी थांबणं.

नातवाशी वाद

आकाशाच्या कोपऱ्यात लाळेनं साफ केलेला दोन इंचांचा चौकोन झाला होता. काय मिळू शकतं हे दाखवायला मी त्याचा फोटो नातवाला पाठवला. मळकट चहाच्या रंगाच्या आकाशात एकदम ओलसर, मोत्यासारखा प्रकाश. त्याचा लगेच फोन: "मॅडम, बस, असंच सगळं करा."

असंच सगळं होणार नव्हतं, कारण निळा तितका साफ होणार नव्हता. आकाश त्या चौकोनाइतकं उजळलं असतं तर त्याखाली समुद्र मातकट, आजारी दिसला असता. तटाची रेघ या दोघांच्या मधोमध आहे. ती पाण्यावर बसलेली न दिसता हवेत लटकली असती. मास्तरांनी त्या चित्रात अंतर दाखवलं आहे ते रंगांच्या उजळपणातल्या बारीक फरकांनी, आणि सफाई नेमका तोच फरक हलवते. तेव्हा चित्रातला सर्वांत हळवा रंग जितका साफ होईल, तितकंच बाकीचं चित्र साफ करायचं. आकाश निघतंय म्हणून सगळं काढायचं नाही.

हे पटवायला वेळ लागला. "म्हणजे तुम्ही मुद्दाम मळ ठेवणार?" हो, मुद्दाम. त्याच्या आवाजातली नाराजी मला समजत होती. पैसे सफाईचे आणि हातात येणार थोडं मळकट चित्र. फोटोवर वाद मिटला नसता. तो दिवाळीला आला तेव्हा त्याला चित्रासमोर उभं केलं, साफ चौकोनावर पारदर्शक फिल्मचा हलका करडा तुकडा धरला, मग काढला, मग धरला. तटाकडे बघ म्हणाले. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आजोबांचा किल्ला तर जागेवर राहायला हवा." काकींनी यात भाग घेतला नाही. त्यांना लुगड्याचा लाल वाचला याचंच समाधान होतं.

मग आकाश दोन टप्प्यांत, पहिल्याच हाताला थांबत, हलकं केलं. दुसरा हात फक्त क्षितिजापासून दूर, वरच्या पट्ट्यात. साफ चौकोन बाकीच्याशी मिळवून घ्यायला कडा विरळ केल्या. लाल भाग जुळवलेल्या पाण्यानं, अगदी थोडक्यात. निळ्याला पाणी लागलंच नाही. काकींच्या फडक्यानं जिथं रंग उचलला होता तिथं खालचा फिकट थर दिसत होता. तिथं उलटवता येईल असा रंगाचा पुरक हात दिला, तोही खाचेपुरता, आजूबाजूच्या मूळ रंगावर न चढवता.

सुटलेल्या पापुद्र्यांना पाण्यातला सरस वापरायचा प्रश्नच नव्हता. हायड्रोकार्बनमध्ये विरघळवलेलं बेव्हा ३७१ हे उष्णतेनं चिकटणारं द्रव्य भेगेतून सोडलं आणि सिलिकॉन कागदाआडून छोट्या इस्त्रीनं सुमारे ६५ अंशांवर बसवलं. हे काम ठरलेल्या रीतीचं आहे, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

वार्निश नको

शेवटी तोही प्रश्न आलाच. गावातल्या एका जाणत्यानं सुचवलं, वार्निशचा हात मारा, रंग झळकतील, पाणीही लागणार नाही. झळकतील हे खरं. पण मास्तरांनी मॅट आणि चकचकीत असा जो खेळ केला आहे तो सपाट होईल, उरलेला मळ वार्निशखाली कायमचा कोंडला जाईल, आणि तीस वर्षांनी ते पिवळं पडल्यावर काढायला जे द्रावक लागेल ते या रंगाला सोसेल की नाही, हे आजच सांगता येतं: सोसणार नाही.

वार्निशचं काम फ्रेमला दिलं. पुढं अतिनील किरण अडवणारी अ‍ॅक्रिलिक काच, रंगाच्या शिखरांपासून अंतर ठेवून. पाठीला प्लायवूड नाही, कारण त्यातून आम्लं सुटतात आणि कोकणात वाळवीला आमंत्रण. त्याऐवजी नालीदार प्लॅस्टिकची शीट, जिला सगळे सनपॅक म्हणतात, वर-खाली भोकं पाडून आणि त्यांना बारीक जाळी लावून. हवाबंद फ्रेम करण्याचा मोह इथं टाळावा लागतो. एसी नसलेल्या घरात हवाबंद पेटीत अडकलेला ओलावा बुरशीला बाहेरच्या झडीपेक्षा जास्त मानवतो.

जागाही बदलली. पश्चिमेची भिंत पावसाची झड थेट घेते आणि चिरा ते पाणी आतपर्यंत ओढतो. चित्र आता आतल्या भिंतीवर आहे, मागे लाकडी गुटके लावून बोटभर मोकळी हवा सोडलेली, देवघराच्या समईपासून एक खोली लांब. शेजारी आर्द्रतामापक. काकी रोज सकाळी आकडा कॅलेंडरवर लिहितात, दूधवाल्याच्या हिशेबाखाली.

पुढच्या पावसाळ्यानंतर चित्र उघडून पाहिलं. फ्रेमच्या खालच्या पट्टीवर बुरशीचे थोडे ठिपके होते, चित्रावर नव्हते. समुद्राच्या डाव्या कोपऱ्यात लव पुन्हा आली होती, पूर्वीपेक्षा बरीच विरळ. हे व्हायचंच होतं, कारण क्षार थराच्या आत आहे आणि तो पूर्ण काढायचा तर रंगासकटच काढावा लागेल. ब्रशनं ती उतरवली. कॅलेंडरवरच्या आकड्यांत ऑगस्टचे दोन आठवडे ८५ च्या वर होते, म्हणून पुढच्या वर्षी त्या काळापुरतं फ्रेमच्या मागच्या खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि गणपतीचं सामान काढताना त्या बदलायच्या, असं काकींशी ठरलं आहे.